तुळशीला पाणी किती घालावे?

१. एका तुळशीची कैफियत

रोज न चुकता पाणी घालूनही आमची तुळस का जगत नाही, असा प्रश्न बागेची थोडीफार माहिती असलेल्या मनुष्याला वर्षातून दहा वेळा तरी विचारला जातो. आणि विचारणाऱ्याच्या स्वरात बहुधा अशी एक तक्रार दडलेली असते, की आम्ही आमचे कर्तव्य चोख बजावीत असता या झाडाने अशी बेइमानी का करावी. मागे अशाच एका घरी मी चौकशी केली, तेव्हा उघडकीस आलेली हकीकत येणेप्रमाणे: घरात माणसे पाच, पाचही श्रद्धाळू; स्नान झाले की प्रत्येकाने तुळशीला तांब्याभर पाणी घालावयाचे हा घराण्याचा जुना शिरस्ता; आणि तुळस मात्र वाड्याच्या अंगणातील प्रशस्त वृंदावनातून निघून तिसऱ्या मजल्यावरील सज्जातल्या आठ इंची कुंडीत बिऱ्हाडास आलेली. तांब्यात पाऊण लिटर पाणी मावते असे धरले, तर पाच जणांचे मिळून पावणेचार लिटर होते. आणि त्या कुंडीतील माती काढून मोजली, तर ती सारी मातीच चार लिटरच्या आसपास भरेल. अंगणातील वृंदावन हे पाणी मुकाट्याने खालच्या जमिनीत उतरवून देत असे. कुंडीखाली फरशी होती, फरशीवर बशी होती, आणि फरशी खराब होऊ नये म्हणून बशीत साचलेले पाणी कोणी हलवीत नव्हते. थोडक्यात, त्या तुळशीला रोज सकाळी जलसमाधी देण्यात येत होती.

घरगुती झाडे तहानेने मरतात त्याहून अधिक संख्येने मायेने मरतात, असे माझे अनेक वर्षांचे निरीक्षण आहे. तेव्हा "पाणी किती?" हा प्रश्न घटकाभर बाजूस ठेवू आणि ओतलेले पाणी मातीत शिरल्यावर तेथे काय घडते, ते प्रथम पाहू.

२. मातीतील वारा

माती म्हणजे भरीव वस्तू, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. डब्यात बेसनाचे लाडू कितीही नीट रचले तरी लाडवालाडवांमध्ये पोकळी राहतेच, आणि त्या पोकळीत पुन्हा मूठभर चुरमुरे सहज मावतात. मातीच्या कणांचेही तसेच आहे. चांगल्या मशागतीच्या जमिनीत निम्म्याच्या सुमारास जागा ही अशी पोकळ असते. कण मोठे असले, म्हणजे वाळूसारखे, तर पोकळ्या मोठ्या. कण अतिसूक्ष्म असले, म्हणजे आपल्या काळ्या जमिनीसारखे, तर पोकळ्या बारीक पण असंख्य.

या दोन प्रकारच्या पोकळ्यांचा स्वभाव निरनिराळा आहे. मोठ्या पोकळीतील पाणी स्वतःच्या भाराने खाली निघून जाते आणि त्याच्या जागी वरून हवा येते. बारीक पोकळीतील पाणी मात्र, समईच्या वातीत तेल जसे धरून राहते तसे, कणांना बिलगून बसते. म्हणूनच कोकणातील जांभ्याची तांबडी माती पाऊस थांबताच पाय ठेवण्याजोगी होते, आणि देशावरील काळ्या शेतात दुसऱ्या दिवशीही वहाण रुतून बसते.

आता मुख्य मुद्दा. मूळ श्वास घेते. पाने सूर्यप्रकाशात साखर तयार करतात, ती मुळांपर्यंत पोचते, आणि तेथे प्राणवायूच्या साह्याने ती वापरूनच मुळाला वाढण्याचे, क्षार ओढून घेण्याचे बळ मिळते. हा प्राणवायू मुळाला मातीच्या पोकळ्यांतूनच मिळावयाचा असतो. सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ही वाट बंद होते, कारण प्राणवायू पाण्यातून पसरतो तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश. मूळ गुदमरते, काळे पडते, त्यावर बुरशी चढते. आणि मूळच निकामी झाल्यामुळे, भोवती पाणीच पाणी असूनही, वर पानांना ते पोचत नाही. पाने माना टाकतात. घरधनी ते पाहतो, झाडाला तहान लागली असा निष्कर्ष काढतो, आणि आणखी एक तांब्या ओततो. तहानेचे आणि गुदमरण्याचे लक्षण एकसारखे दिसावे, यासारखा दुसरा घातकी योग नाही. म्हणून पहिला नियम असा, की मान टाकलेल्या झाडाला पाणी घालण्यापूर्वी मातीत बोट घालावे. माती कोरडी असेल तर झाड तहानलेले आहे. माती ओली असेल तर झाड आजारी आहे, आणि त्याला पाण्याची नव्हे, पाण्यापासून सुटकेची गरज आहे.

३. वाफसा

ही सगळी मीमांसा आपल्या शेतकऱ्याने एका शब्दात बांधून ठेवली आहे. पावसाने भिजलेले रान लगेच पेरण्याजोगे नसते. त्यात पाभर चालत नाही, चिखल फणाला धरतो. एक-दोन उघाडीचे दिवस गेले, मोठ्या पोकळ्यांतले पाणी उतरून गेले, बारीक पोकळ्यांतली ओल मात्र कायम राहिली, म्हणजे शेतकरी म्हणतो, "आता वाफसा आला." काही भागांत याच शब्दाचा उच्चार वापसा असा होतो. ओल आणि वारा यांचा मातीत एकाच वेळी अंमल असणे, ही ती अवस्था. पाठ्यपुस्तकांना जे समजावण्यास दोन पाने लागतात ते या तीन अक्षरांत आले आहे. आणि शहरात राहावयास आलेला मराठी मनुष्य घरची भांडीकुंडी घेऊन आला तरी हा शब्द गावीच विसरून आला, याची मला खंत वाटते.

वाफशाची परीक्षा सोपी आहे. खुरप्याने चार बोटे खोलवरची चिमूटभर नव्हे, मूठभर माती काढावी आणि ती मुठीत आवळावी. बोटांतून पाणी निथळले किंवा तळहात चिखलाने माखला, तर वाफसा यावयाचा आहे. गोळा झाला आणि अंगठ्याने सहज दाबताच तो भुसभुशीत होऊन फुटला, तर वाफसा आहे. पाणी देण्याचे कारण नाही. गोळा झालाच नाही, माती पिठासारखी बोटांतून गळून गेली, तर वाफसा उडाला आहे, आणि आता पाणी द्यावे. काळ्या मातीत एवढा फरक लक्षात ठेवावा, की ती कोरडी झाली म्हणजे पिठासारखी होण्याऐवजी ढेकळासारखी कठीण होते व तिला भेगा पडतात. भेगा दिसेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झाला असे समजावे, कारण भेग पडताना बारीक मुळेही तुटतात.

कुंडीच्या बाबतीत मूठभर माती रोज उकरणे शक्य नाही. तेथे तर्जनी दोन पेरे खोल घालून पाहावी, किंवा कुंडी किंचित उचलून वजनाचा अंदाज घ्यावा. भरलेल्या आणि रित्या घागरीतला फरक ज्या हाताला कळतो त्या हाताला आठवड्याभरात हेही कळू लागते. कुंडी मातीची असेल तर तिच्या बाजूवर टिचकी मारावी: आत ओल असली तर आवाज बसका येतो, माती सुकली असली तर खणखणीत.

४. झाडाचा जमाखर्च

मातीच्या खजिन्यात पाणी जमा कसे होते ते पाहिले. आता खर्चाची बाजू. झाड जे पाणी पिते त्याचे करते काय? शंभर भागांतील सत्त्याण्णवांहून अधिक ते पानांवाटे हवेत सोडून देते. पानांवर, बहुतेक झाडांत खालच्या अंगाला, डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. अन्न बनविण्यासाठी हवा आत घ्यावयाची तर ही दारे उघडावी लागतात, आणि दारे उघडली की आतील ओलावा वाफ होऊन बाहेर पडतो. घर हवेशीर ठेवावयाचे तर धूळ सोसावी लागते, तसाच हा सौदा आहे.

हा खर्च प्रत्यक्ष मोजणारा एक धर्मोपदेशक होता. लंडनजवळ थेम्सकाठी टेडिंग्टन येथे राहणाऱ्या स्टीफन हेल्स याने १७२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये साडेतीन फूट उंचीचे सूर्यफुलाचे झाड कुंडीत घेतले, मातीतून वाफ निसटू नये म्हणून कुंडीचे तोंड शिशाच्या पत्र्याने बंद केले, आणि ती कुंडी सकाळ-संध्याकाळ तराजूत घालून तिच्या वजनाचा रोजनामा ठेवला. दिवसाच्या बारा तासांत ते झाड सरासरी १ पौंड ४ औंस, म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडे अधिक पाणी उडवीत होते; कोरड्या, उबदार रात्री मात्र अवघे ३ औंस. १७२७ साली त्याने हे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यासाठी त्याला लागले ते एक तराजू आणि पुष्कळसा धीर. या दोहोंपैकी पहिली वस्तू आपल्या प्रत्येक घरी असते.

हेल्सचे सूर्यफूल इंग्लंडच्या सौम्य उन्हात होते. आपल्याकडे वैशाखात काय होत असेल याची कल्पना करावी. आता तुळशीच्या कुंडीचा हिशेब मांडू. चार लिटर माती पूर्ण भिजून निथळली, की तिच्यात सव्वा लिटरच्या आसपास पाणी उरते. त्यातील निम्मे कणांना इतके घट्ट चिकटलेले असते की मुळाला ते ओढता येत नाही. म्हणजे झाडाच्या हाती शिल्लक सहाशे-साडेसहाशे मिलिलिटर. पौषात हेच झाड दिवसाला दोनशे मिलिलिटर खर्च करीत असेल, तर शिल्लक तीन दिवस पुरते; वैशाखात पाचशे करू लागले, तर जेमतेम सव्वा दिवस. कुंडी तीच, झाड तेच. तरी एका महिन्यात तिसऱ्या दिवशी पाणी आणि दुसऱ्यात दररोज. "रोज पाणी घालावे की एक दिवसाआड?" या प्रश्नाला कोणी सरसकट उत्तर देऊ लागला, तर तो मनुष्य कोणत्या महिन्याविषयी बोलतो आहे, एवढे तरी त्याला विचारावे.

५. कुंडीचे गुण आणि खोडी

कुंडीला पुष्कळ लोक लहानशी जमीनच समजतात. वस्तुतः तिचा स्वभाव अगदी वेगळा आहे, आणि तो समजून घेण्यासाठी स्वयंपाकघरातला एक चपटा स्पंज पुरतो. तो पाण्यात बुडवून आडवा धरावा; टपटपणे थांबले की तसाच उभा करावा. पुन्हा पाणी गळू लागेल. स्पंज तोच, पाणी तेच. परंतु पाण्याच्या थराची उंची वाढली म्हणून खालचे पाणी सुटले. यावरून असे ठरते, की उथळ कुंडीतील माती खोल कुंडीतल्यापेक्षा अधिक दलदलीची राहते, आणि कोणत्याही कुंडीत तळाचा काही थर, पाणी निथळून गेल्यावरही, भिजलेलाच असतो.

येथे एका सर्वमान्य समजुतीचा निकाल लावणे भाग आहे. निचरा चांगला व्हावा म्हणून कुंडीच्या तळाशी चार बोटे खापऱ्या आणि विटांचे तुकडे भरण्याची चाल आहे. मीही ती वर्षानुवर्षे पाळली. परंतु बारीक पोकळ्यांतील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती तुडुंब होईपर्यंत ते खापऱ्यांच्या उंबरठ्यावर थांबून राहते. परिणाम असा, की तळाशी असलेला तो चिंब थर नाहीसा होण्याऐवजी चार बोटे वर, मुळांच्या अधिक जवळ सरकतो. छिद्रातून माती वाहून जाऊ नये म्हणून त्यावर एखादी वक्र खापरी पालथी ठेवावी, तेवढी पुरे. निचरा हवा असेल तर तो मातीतच मिसळला पाहिजे: पोयट्यात चांगले कुजलेले शेणखत आणि जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा घालून.

मातीच्या कुंडीच्या अंगातून, माठाप्रमाणेच, पाणी झिरपून उडत असते. त्यामुळे ती लवकर सुकते आणि आतील मुळे थंड राहतात. प्लास्टिकच्या कुंडीत हा खर्च नाही. ज्याचा हात सैल त्याने मातीची घ्यावी, जो विसराळू त्याने प्लास्टिकची; या विषयात याहून मोठे तत्त्वज्ञान नाही.

पाणी घालावयाचे ते असे, की तळाच्या छिद्रातून थोडे बाहेर येईल. वरच्या वर अर्धा पेला शिंपडला तर मुळे ओलाव्याच्या मागे वर येतात आणि पहिल्या कडक उन्हात होरपळतात. शिवाय विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या पाण्यातील क्षार साचत जाऊन कुंडीच्या काठावर पांढरी पुटे चढतात. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा भरपूर पाणी घालून ते वाहू द्यावे, म्हणजे ही बाकी धुऊन निघते. बशीतले पाणी मात्र अर्ध्या तासात ओतून टाकावे.

एक फसवणूक ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कुंडी फार सुकली तर माती आकसून कडेपासून सुटते. मग ओतलेले पाणी त्या फटीतून थेट खाली धावते, बशी भरते, आणि पाणी पोचले अशी आपली खात्री होते, वास्तविक मधला गोळा कोरडा ठणठणीत. अशी कुंडी पाण्याच्या घमेल्यात अर्धी बुडवून ठेवावी, आणि मातीचा पृष्ठभाग ओलसर दिसू लागला की उचलून निथळत ठेवावी.

६. वाफा आणि आळे

अंगणातील वाफ्यासाठी हिशेब याहून सोपा आहे, कारण निसर्गाने एक सोयीचे माप दिले आहे: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. देशावर भर उन्हाळ्यात भाजीचा वाफा दिवसाला सहा मिलिमीटरच्या आसपास पाणी खर्च करतो असे धरू. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद वाफ्याला दिवसाचे १८ लिटर झाले. ते रोज देण्याऐवजी तिसऱ्या दिवशी ५४ लिटर द्यावे, म्हणजे नऊ लिटरच्या सहा झाऱ्या. संध्याकाळी एक झारी फिरवून "पाणी घातले" असे म्हणणाऱ्याने त्या वाफ्याला तीन मिलिमीटर दिले. आणि कोरड्या मध्यम मातीत एक मिलिमीटर पाणी अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासच माती भिजवीत असल्यामुळे, ओल दीड सेंटिमीटरवर थांबली. मातीचा सुगंध सुटला, मनाला प्रसन्न वाटले, मुळांना मात्र पत्ता लागला नाही.

नवीन रोपांना हा नियम लावू नये. त्यांची मुळे वरच असतात. लागण करताना एक पाणी, आणि नंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलकेसे दुसरे, ज्याला शेतकरी आंबवणी म्हणतात, हा जुना दस्तूर अगदी शास्त्रशुद्ध आहे.

झाडाच्या बुंध्याशी पाणी ओतण्याची सवय मात्र सोडली पाहिजे. पाणी पिणारी कोवळी मुळे बुंध्यापाशी नसून फांद्यांच्या पसाऱ्याच्या कडेखाली असतात. आळे तेथे हवे. लिंबू-संत्र्याच्या जातीला बुंध्याशी साचलेले पाणी विशेष बाधते, डिंक्या रोग होतो, म्हणून जाणते बागाईतदार दुहेरी आळे करतात: आतल्या आळ्यात बुंध्याभोवती मातीची भर, आणि पाणी फक्त बाहेरच्या कड्यात. आळ्यात पालापाचोळा किंवा उसाचे पाचट पसरले, तर पाण्याची एक पाळी वाचते.

७. वेळ

पहाट किंवा सकाळ उत्तम. दिवसाचा खर्च सुरू होण्यापूर्वी खजिना भरलेला असतो, आणि पानांवर उडालेले पाणी ऊन चढताच सुकून जाते. उन्हाळ्यात संध्याकाळीही हरकत नाही, परंतु पाणी मातीवर घालावे, पानांवर नव्हे. रात्रभर भिजलेल्या गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडण्याचा रोग चटकन पसरतो. दुपारच्या उन्हात पाणी घातल्यास पानांवरील थेंब भिंगाचे काम करून पाने जाळतात, असे सांगितले जाते. २०१० साली हंगेरीतील संशोधकांनी हे तपासून पाहिले, तेव्हा गुळगुळीत पानांवर असे डाग पडत नाहीत असे आढळले. लवदार पानांवर मात्र थेंब लवेच्या टोकांवर अधांतरी राहिल्याने तशी शक्यता उरते. दुपारचे पाणी टाळावे ते ते उडून वाया जाते म्हणून. झाड खरोखर तहानलेले असेल, तर दुपारी दोन वाजताही पाणी द्यावे. तहानलेल्या पाहुण्याला कोणी संध्याकाळपर्यंत थांबवीत नाही.

दुधी, भोपळा, काकडी यांची रुंद पाने भर दुपारी मलूल होतात आणि सूर्य कलताच पुन्हा ताठ होतात. हा तगादा मनावर घेऊ नये. सकाळीही पाने मलूल असतील, तर ती खरी तहान.

पावसाळ्यात सगळे झारी अडगळीत टाकतात. ते अंगणापुरते ठीक. सज्जातील, पत्र्याखालील कुंड्यांवर बाहेर संततधार लागली असताही एक थेंब पडत नाही, आणि श्रावणात पाण्यावाचून वाळलेली कुंडी मी स्वतःच्या घरी पाहिली आहे.

८. तहानेचा उपयोग

येथवर वाचून कोणास वाटेल, की वाफसा अखंड टिकविणे हेच सर्वस्व. तसे नाही. संत्रे, मोसंबी, डाळिंब यांचे बागाईतदार वर्षातून एकदा जाणूनबुजून पाणी तोडतात. त्याला ताण देणे म्हणतात. वाढ थांबते, पाने पिवळी पडून काही गळतात, फांद्यांत अन्न साठते. आणि मग पाणी सोडून ताण तोडला, की झाड फुलांनी भरून येते. थंडीत ताण देऊन आंबे बहार, उन्हाळ्यात देऊन मृग बहार, आणि पावसाळ्याच्या शेवटी साधला तर हस्त बहार. घरच्या मोगऱ्यालाही हीच युक्ती लागू आहे: ऐन थंडीत पाणी कमी करावे, छाटणी करावी, आणि मग खतपाणी सुरू करावे. बारमाही लाडावलेली बोगनवेल नुसती पाने देते, आणि रस्त्याकडेची उपेक्षित बोगनवेल रंगाने पेटून उठते, याचेही रहस्य पुष्कळसे हेच. कोरफड आणि निवडुंग यांची तर घडणच निराळी. ती आपली पर्णरंध्रे रात्री उघडतात, दिवसा मिटतात, त्यामुळे त्यांचा खर्च अत्यल्प. त्यांना पावसाळ्यात जवळजवळ काहीच नको.

उलट टोकाला अळू, कर्दळ आणि केळ. कोकणातील न्हाणीच्या सांडपाण्यावर ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली, ती उगीच नव्हे. अळवाला पाय ओले असलेलेच आवडतात.

तेव्हा ज्या घरी तुळशीला पाणी घालणारे पाच जण असतील, त्यांनी वार ठरवून घ्यावेत आणि बोटाने माती पाहून, ती कोरडी असेल तरच, त्या दिवशीच्या मानकऱ्याने पाणी घालावे. बाकीच्या चौघांनी तुळशीला नमस्कार करावा, आणि शेजारी एका तळबंद बारडीत अळू लावून आपापला तांब्या तेथे रिता करावा.